विश्लेषण : सलीम अलींचा माळढोक का हरला? यवतमाळच्या माळरानांसाठी त्यात धडा काय?

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारने २०२० पासून पक्ष्यांसाठी राखला. शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात, पक्षीमित्र तलावांवर जातात, समाजमाध्यमांवर सलीम अलींचे छायाचित्र फिरते. मात्र ज्या पक्ष्यासाठी त्यांनी देशाचा राष्ट्रीय पक्षी होण्याचा मान मागितला होता, तो माळढोक आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी सलीम अलींचे आयुष्य पाहावे लागते. यवतमाळ जिल्ह्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. वणी तालुक्याच्या सीमेवरून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा-भद्रावतीचा भाग लागतो, आणि विदर्भातील माळढोकच्या नोंदी प्रामुख्याने याच पट्ट्यातल्या आहेत.

सलीम अली कोण होते?

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात त्यांना वाढवले. घरात शिकारीचा शौक होता आणि लहानग्या सलीमच्या हातात छऱ्याची बंदूक होती.

त्या बंदुकीने एक दिवस एक चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही, हे मुलाच्या लक्षात आले. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे म्हणजेच बीएनएचएसचे सदस्य होते. त्यांनी भाच्याला सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे ओळखले. एवढ्यावर न थांबता त्यांनी सोसायटीच्या संग्रहातील कप्पे उघडून पेंढा भरलेले पक्षी मुलाला दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांची नोंद कशी ठेवतात हे शिकवले. मारलेल्या पक्ष्याचे नाव विचारायला आलेला मुलगा पक्ष्यांचा अभ्यासक होण्याच्या वाटेला लागला तो इथून.

पदवी नसताना ते पक्षीशास्त्रज्ञ कसे झाले?

शिक्षणाची गाडी मात्र अडखळतच चालली. १९१३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रवेश घेतला, पण अभ्यासात मन लागेना. कुटुंबाचा ब्रह्मदेशात तवॉय इथे टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. तो सांभाळायला ते तिकडे गेले. भोवती घनदाट जंगल असल्याने धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच जास्त लक्ष गेले. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. मग दावर्स महाविद्यालयात व्यापारी कायदा आणि हिशेबनिसी, जोडीला झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र असा दुहेरी अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातील नोकरीसाठी त्यांनी प्रयत्न केला, पण विद्यापीठाची पदवी नसल्याने ती मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग इतिहास विभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोनेक वर्षांतच आपले ज्ञान अपुरे आहे असे त्यांना वाटू लागले. रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान या नामवंत पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले.

१९३० मध्ये परतले तेव्हा संग्रहालयातील त्यांची जागा खर्चकपातीत रद्द झाली होती. मुंबईत राहणे परवडेना. मग हे जोडपे अलिबागजवळच्या किहीमला समुद्रकाठच्या घरी राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकारीचे ते महिने सलीम अलींनी सुगरणींचे निरीक्षण करण्यात घालवले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तरच तिथे राहते, आणि त्यानंतर नर ते पूर्ण करतो. ते झाले की तोच नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवतो. हा तपशील त्यांनी रोजच्या नोंदींतून सिद्ध केला. त्या काळी भारतातील पक्षीशास्त्र म्हणजे मुख्यतः पक्षी मारून त्याचे मोजमाप घेणे आणि कातडी संग्रहात ठेवणे. जिवंत पक्षी कसा जगतो हे महिनोन्महिने पाहणे, ही सलीम अलींनी घालून दिलेली वेगळी वाट होती.

पैनगंगेपलीकडचे सर्वेक्षण काय होते?

नोकरी नव्हती, पण एक कल्पना होती. ब्रिटिश भारतातील बऱ्याच भागांतील पक्ष्यांची माहिती जमा झाली होती. संस्थानांचे मोठमोठे प्रदेश मात्र कोरे होते. सलीम अलींनी प्रस्ताव मांडला की, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च संस्थानाने करावा, मेहनताना काही नको. पहिले मोठे काम मिळाले ते निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे. १९३१-३२ मध्ये ते सर्वेक्षण झाले.

त्या वेळी यवतमाळ जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि पैनगंगेच्या दक्षिण तीरापासून निजामाचा मुलूख सुरू व्हायचा. आजचे माहूर, किनवट त्या संस्थानात होते. म्हणजे यवतमाळच्या दारातून सुरू होणाऱ्या दख्खनच्या पठाराची पद्धतशीर पक्षीनोंद करणारे पहिले मोठे भारतीय नाव सलीम अलींचे. त्यानंतर त्रावणकोर-कोचीन, मध्य भारत, बडोदा, कच्छ, बस्तर, ओडिशा असा त्यांचा प्रवास वर्षानुवर्षे चालू राहिला. तंबू, बैलगाडी, कंदील आणि वह्या असा संसार. अनेक मोहिमांत तहमिना बरोबर असत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. पुढचे आयुष्य ते बहीण आणि मेहुण्यांच्या वांद्र्याच्या घरी राहिले.

या सर्वेक्षणांचे महत्त्व आज कळते. कोणता पक्षी कुठे, कोणत्या हंगामात आणि कोणत्या प्रकारच्या जमिनीवर दिसला याची जुनी नोंद असेल तरच तो कमी झाला की वाढला, हे सांगता येते. संवर्धनाची कोणतीही योजना अशा आधाररेषेवर उभी असते. ही नोंद नसेल तर एखादी जात संपल्याचेही कुणाला कळत नाही.

अभ्यासातून संवर्धनाकडे ते कसे वळले?

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले आणि सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन पडले. त्याच्या आवृत्त्या आजही निघतात. पुढे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे एस. डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा संदर्भग्रंथ सिद्ध केला. १९६८ ते १९७४ या काळात तो प्रसिद्ध झाला. पहिला खंड आला तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर वर्षांचे होते.

स्वातंत्र्यानंतर बीएनएचएसची आर्थिक अवस्था बिकट झाली, तेव्हा पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंकडे साकडे घालून त्यांनी संस्था तगवली. राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ, जिथे एके काळी संस्थानिक आणि ब्रिटिश अधिकारी बदकांच्या शिकारी करत, ते कोरडे करून शेतीला देण्याची मागणी होत होती. सलीम अलींच्या प्रयत्नांमुळे ते वाचले आणि आज ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगल ताप हा आजार आढळला. स्थलांतरित पक्ष्यांमार्फत गोचिडी येतात का, हा प्रश्न निर्माण झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा अभ्यास करण्याचे मोठे काम उभे केले. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये यासाठीही त्यांनी आवाज उठवला. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण त्यांना मिळाले. जे. पॉल गेटी पुरस्काराची ५० हजार डॉलरची रक्कम त्यांनी निसर्ग संवर्धनाच्या निधीसाठी दिली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले.

राष्ट्रीय पक्षी निवडताना काय घडले?

देशाचा राष्ट्रीय पक्षी ठरवण्याची चर्चा १९६० च्या सुमारास सुरू झाली. सलीम अलींनी माळढोकचे नाव पुढे केले. त्यामागे विचार होता. मोर देशभर होता आणि लोकांच्या श्रद्धेमुळे सुरक्षितही होता. माळढोक मात्र फक्त भारतीय उपखंडात आढळणारा, आकाराने भव्य आणि वेगाने घटणारा पक्षी होता. राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला तर त्याच्याकडे आणि तो राहतो त्या गवताळ माळांकडे लक्ष जाईल, असा हा हिशेब होता.

१९६३ मध्ये निवड झाली ती मोराची. माळढोकच्या इंग्रजी नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले तर भलताच अपशब्द तयार होतो, अशी अडचणही तेव्हा काढली गेल्याचे सांगतात. मोर लोकप्रिय होताच, त्यामुळे या निवडीत नवल नव्हते. पण माळढोकला प्रसिद्धीची जी एक संधी होती, ती गेली.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांपैकी जगातील सर्वांत वजनदार पक्ष्यांत गणला जातो. उंची सुमारे एक मीटर आणि नराचे वजन पंधरा किलोच्या आसपास भरू शकते. तो झाडावर बसत नाही. मादी उघड्या जमिनीवर वर्षाकाठी साधारण एकच अंडे घालते. कुत्रा, कोल्हा, मुंगूस किंवा गुराच्या पायाखाली ते गेले की वर्ष वाया. इथे गणित साधे आहे. वर्षाला एक अंडे आणि त्यातलीही काही पिल्ले दगावणारी असतील, तर एका प्रौढ मादीचा अकाली मृत्यू भरून काढायला अनेक वर्षे जातात. १९६९ च्या सुमारास आर. एस. धर्मकुमारसिंहजी यांनी देशभरात सुमारे १,२६० माळढोक असल्याचा अंदाज मांडला होता. आज ही संख्या दीडशेच्या आसपास मानली जाते आणि त्यातले बहुतेक राजस्थानातील जैसलमेर भागात आहेत.

नान्नजला काय केले गेले?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकची शिकार बंद झाली. त्याच सुमारास सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक असल्याकडे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये तिथे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. १९८१ पासून बीएनएचएसने देशात या पक्ष्याचा सविस्तर अभ्यास सुरू केला. नान्नज हे त्यातले महत्त्वाचे ठिकाण. वन विभागाने काही तुकड्यांना कुंपण घातले, चराई थांबवली, गवत वाढले आणि पक्षी तिथे घरटी करू लागले.

पण अभयारण्याची सीमा आखताना एक मोठी चूक झाली. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र कागदावर अभयारण्यात आले. त्यात शेते होती, गावे होती, शहरांचे भागही होते. प्रत्यक्ष वन विभागाच्या ताब्यातील माळ त्या मानाने अगदी थोडा. जमिनीच्या व्यवहारापासून बांधकामापर्यंत प्रत्येक गोष्टीत अभयारण्य आडवे येऊ लागले. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारी-हरभऱ्याच्या शेतात माळढोक टोळ आणि किडे खायला येत असे, त्यालाच हा पक्षी अडचण वाटू लागला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर बराच उशीर झाला होता. आजूबाजूला ऊस आला, द्राक्षबागा आल्या, वीजवाहिन्या वाढल्या. आता नान्नजला एखाददुसरा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते.

मध्य प्रदेशातील करेरा इथेही जवळपास हेच घडले. माळढोकसाठी अभयारण्य झाले, संरक्षणामुळे काळवीट वाढले, त्यांनी पिके खाल्ली, शेतकऱ्यांचा राग वाढला आणि १९९० च्या दशकात तिथून माळढोक नाहीसा झाला.

भरतपूरमध्ये सलीम अलींचा अंदाज कुठे चुकला?

थोर माणसाच्या चरित्रात अपयशाची पाने सहसा गाळली जातात. सलीम अलींच्या बाबतीत तसे करणे त्यांच्याच शास्त्रीय शिस्तीला धरून होणार नाही. भरतपूर राष्ट्रीय उद्यान होताना आतली म्हशींची चराई थांबवावी, या मताचे ते होते. बंदी आली. शेजारच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि काही गावकऱ्यांनी जीव गमावला.

पुढे जे दिसले ते अनपेक्षित होते. म्हशी गेल्यावर पाणथळीत गवत बेसुमार माजले. उथळ पाण्याची मोकळी जागा कमी झाली आणि काही पाणपक्ष्यांना खाद्य मिळणे कठीण झाले. हा निष्कर्ष काढला तो सलीम अलींच्याच बीएनएचएसने, भरतपूरच्या दीर्घ अभ्यासातून. म्हशींची मर्यादित चराई पाणथळीला उपयोगी होती, हे त्या अभ्यासाने दाखवले. आपल्याच संस्थेच्या सर्वांत मोठ्या माणसाचा अंदाज आकडेवारीने खोडला, आणि संस्थेने तो प्रसिद्ध केला. सलीम अलींनी घालून दिलेल्या निरीक्षणाच्या पद्धतीचा हा एका अर्थाने विजयच होता. मात्र त्यासाठी गावकऱ्यांनी मोजलेली किंमत परत येणारी नव्हती.

२० जून १९८७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षात, मुंबईत सलीम अलींचे निधन झाले. १९९० मध्ये कोइम्बतूर इथे त्यांच्या नावाने पक्षी आणि निसर्ग अभ्यासाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले.

माळढोकसाठी आज काय चालले आहे?

आता शेवटचा उपाय सुरू आहे. २०१९ मध्ये जैसलमेरमध्ये केंद्र सरकार, राजस्थान वन विभाग आणि भारतीय वन्यजीव संस्थेने रानातून अंडी गोळा करून ती यंत्रात उबवण्याचे काम हाती घेतले. सम आणि रामदेवरा इथे प्रजनन केंद्रे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. या कामात अबुधाबीच्या होउबारा पक्षी संवर्धन निधीची तांत्रिक मदत आहे. होउबारा हा माळढोकच्याच कुळातला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आखाती देशांतून राजस्थानात शिकारीसाठी आलेल्या पाहुण्यांविरुद्ध जयपूरमध्ये आंदोलने झाली होती. आता त्याच प्रदेशातून वाचवण्याचे तंत्र येत आहे.

दुसरी अडचण तारांची. माळढोकचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात आणि समोरचे त्याला नीट दिसत नाही. शरीर जड असल्याने ऐन वेळी वळताही येत नाही. त्यामुळे उच्चदाब वाहिन्यांना धडकून पक्षी मरतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकच्या क्षेत्रातील वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. सौर आणि पवन ऊर्जा प्रकल्पांची वीज वाहून नेण्याचा प्रश्न उभा राहिल्यावर मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली. हवामान बदल रोखायला स्वच्छ वीज हवी आणि तिच्याच तारांना धडकून दुर्मीळ पक्षी मरतो, असा हा पेच आहे.

प्रजनन केंद्रात पिल्ले वाढतील. पण त्यांना सोडायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. माळ शिल्लक नसेल तर पिंजऱ्यातला माळढोक पिंजऱ्यातच राहील.

इतक्या कमी संख्येतून कुणी सावरले आहे का?

सावरले आहे. त्याचे चांगले उदाहरण फिनलंडमध्ये सापडते. तिथल्या सायमा सरोवरात गोड्या पाण्यात राहणारा एक सील आहे. हिमयुगानंतर जमीन उचलली गेली, समुद्राशी असलेला संबंध तुटला आणि हा प्राणी सरोवरात अडकून तिथलाच झाला. माळढोकसारखीच त्याचीही अडचण म्हणजे मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. पूर्वी मासे खातो म्हणून त्याला मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. १९५५ मध्ये कायद्याने त्याला संरक्षण मिळाले, तरी १९८० च्या दशकापर्यंत संख्या दोनशेच्या आतच होती.

मग अभ्यासातून दोन कारणे पुढे आली. एक, कोवळी पिल्ले मासेमारीच्या जाळ्यात अडकून बुडत. दोन, हिवाळे उबदार झाल्याने किनाऱ्यावर पुरेसे बर्फ साचत नव्हते आणि बर्फात गुहा करून पिल्लू वाढवण्याची जागाच उरत नव्हती. उपायही त्याच कारणांवर बेतले गेले. १५ एप्रिल ते ३० जून या काळात सीलच्या क्षेत्रात जाळे टाकण्यावर बंदी आली. कमी बर्फाच्या हिवाळ्यांत वन अधिकारी आणि स्वयंसेवक फावड्याने बर्फाचे ढिगारे रचून देऊ लागले आणि सील माद्यांनी त्यात पिल्ले वाढवली. आज ही संख्या चारशेच्या पुढे गेली आहे.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, मासेमारी कायमची बंद झाली नाही. पिल्ले धोक्यात असतात तेवढेच आठवडे आणि तेवढाच भाग निवडला गेला. नान्नजच्या ८,४९६ चौरस किलोमीटरच्या कागदी सीमेपेक्षा अडीच महिन्यांची नेमकी बंदी जास्त उपयोगी पडली.

यवतमाळचा याच्याशी संबंध काय?

संवर्धन म्हटले की यवतमाळकरांच्या डोळ्यांपुढे वाघ येतो. त्याला कारणही आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरच्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ वाढले. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ तीन हजार किलोमीटरहून अधिक भटकंती करत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. आणखी एक वाघ २०२४ च्या अखेरीस थेट धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात दिसला. सोलापूरच्या माळढोकच्या मुलखापासून ते फार दूर नाही. त्याआधी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात टी-१ वाघीण मारली गेली. तिच्या हल्ल्यांत गेलेल्या माणसांची घरे आणि तिला मारण्याच्या पद्धतीवर उठलेले देशभरातील वादळ, दोन्ही जिल्ह्याने पाहिले. लोक आणि प्राणी यांचा मेळ बसला नाही की दोघेही मरतात, हे यवतमाळला कुणी वेगळे सांगायला नको.

मात्र वाघाचे जंगल सरकारी नकाशावर तरी असते. माळाचे तसे नाही. गावची ई-क्लास जमीन, म्हणजे गायरान, महसुली कागदावर बहुधा पडीक म्हणून नोंदलेली असते. तिथे गवत असते, तित्तर, लावे, चंडोल, धाविक असतात, कोल्हे-लांडगे असतात, रोही आणि काळवीट असतात. गावच्या शेळ्या-गुरांचा चाराही तिथलाच. पडीक म्हटले की त्या जमिनीला वाली राहत नाही. त्यावर अतिक्रमण होते, मुरूम उपसला जातो, चांगल्या हेतूने झाडे लावून गवताचा माळ बुजवला जातो. शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच्या सौर प्रकल्पांनाही सरकारी जमीन देण्याचे राज्याचे धोरण आहे. रात्री ओलिताला जाऊन साप-विंचवाचा धोका पत्करणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाची वीज हवीच. प्रश्न इतकाच की कोणता माळ द्यायचा आणि कोणता राखायचा, हे ठरवण्याआधी तिथे काय आहे याची नोंद कुणी केली आहे का.

शेजारच्या अकोला-वाशीम भागात याचे एक वेगळे उत्तर दिसते. माळढोकच्याच कुळातील छोटा तणमोर पावसाळ्यात तिथल्या गवताळ जमिनीवर येतो. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून पक्षी पकडणारे फासेपारधी समाजातील लोक त्याच्या संवर्धनाच्या कामात सहभागी झाले आहेत. माळ कुठे आहे, पक्षी कधी येतो, मादी कुठे बसते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही. यवतमाळ जिल्ह्यातही पारधी वस्त्या आहेत. ज्यांच्याकडे हे ज्ञान आहे, त्यांना गुन्हेगार ठरवण्याऐवजी मोजणीदार करणे अशक्य नाही. सलीम अलींची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीनेच झाली होती.

आता गावपातळीवर काय करता येईल?

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावची नोंदवही ग्रामपंचायतीत पाहायला मागता येते. तिच्यात ई-क्लास जमिनीवरचे पक्षी, गवताच्या जाती, पक्ष्यांच्या विणीचे महिने लिहिलेले आहेत का, हे तपासता येते. नसतील तर ग्रामसभेत मागणी करता येते. अशी नोंद असली की एखादा प्रकल्प किंवा वृक्षलागवड येताना गावाकडे बोलायला पुरावा असतो. पूर्ण माळाला कुंपण घालण्याची गरज नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात एखादा तुकडा चराईतून वगळणे, गवत पक्व होण्याआधी न कापणे, मोकाट कुत्र्यांना आवर घालणे, असे छोटे आणि ठरावीक मुदतीचे निर्णय गाव स्वतः घेऊ शकते. सायमा सरोवरावर अशाच उपायांनी काम झाले.

माळढोकला राष्ट्रीय पक्षी करण्याची सलीम अलींची मागणी मान्य झाली असती तर तो वाचला असता का? नुसत्या मानाने कदाचित नाही. नाव मिळून जमीन गेली असती तर निकाल तोच लागला असता. सलीम अलींकडून घेण्यासारखी खरी गोष्ट किहीमच्या त्या बेकारीतल्या दिवसांत आहे: एका जागी थांबून, रोज पाहून, रोज लिहून ठेवणे. पक्षी सप्ताहात जिल्ह्यातील एखाद्या शाळेने गावच्या माळावर जाऊन दिसलेल्या पक्ष्यांची तारखेसह यादी केली आणि पुढच्या वर्षी तीच यादी पुन्हा केली, तर त्या माळाला पडीक म्हणणे कठीण होईल.